शॉवरच्या काचेच्या दाराचं काम: कमाई काचेत नाही, मापात आहे



अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवणारे, फर्निचरची कामं घेणारे, प्लंबिंग करणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात. "सर, आजकाल नव्या फ्लॅटमध्ये सगळे शॉवरला काचेचं दार मागतात. हे काम मी घेऊ का?"

माझं उत्तर: घ्या. काच बनवायचा कारखाना आपल्याला टाकायचा नाही. दुकानही लागत नाही. हत्यारं बऱ्याच जणांकडे अर्धी असतातच. पण हे काम खिडकीसारखं किंवा लाकडी दारासारखं नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. लाकडी दार चौकटीत अडलं तर सुतार रंधा मारतो आणि दार बसतं. शॉवरची टफन काच एकदा तयार होऊन आली की ती एक मिलिमीटरसुद्धा कापता येत नाही, तिला नवीन भोक पाडता येत नाही. म्हणून या धंद्यातला नफा-तोटा फिटिंगच्या दिवशी ठरत नाही. तुम्ही टेप हातात घेऊन बाथरूममध्ये उभे असता, त्या अर्ध्या तासात ठरतो.

माझ्या खिशातून गेलेली काच

मी स्वतः फिटिंगची कामं घ्यायचो तेव्हाची गोष्ट. नाशिकला एका काकूंच्या नव्या फ्लॅटचं काम होतं. टाइल्स लागलेल्या, बाथरूम एकदम चकाचक. मी जमिनीलगत टेप लावला, माप लिहिलं आणि ऑर्डर देऊन मोकळा झालो. आठ दिवसांनी काच आली. खाली बरोबर बसली, वर भिंतीला अडली. भिंत ओळंब्यात नव्हती. जमिनीपासून वर जाईपर्यंत जवळजवळ तीन सूत आत आली होती.

काकू दारात उभ्या. म्हणाल्या, "दादा, परवा वास्तुशांत आहे. पाहुणे यायचेत. आज लागेल ना?"

काय सांगणार? काच कापता येत नाही, भिंत सरळ करता येत नाही. नवी काच माझ्या खिशातून गेली आणि वास्तुशांतीला त्या बाथरूमला प्लास्टिकचा पडदा लागला. त्याच बिल्डिंगमध्ये आणखी दोन कामांची बोलणी चालू होती, तीही गेली. तो राग काकूंचा नव्हे, माझा मलाच आला होता. वरच्या बाजूला टेप लावायला दोन मिनिटं लागली असती.

आधी गणित बघू

खालचे भाव फक्त समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या गावातले भाव विचारा आणि तेच गणित पुन्हा मांडा. जीएसटी यात धरलेला नाही.

समजा शॉवरची जागा साधारण पावणेचार फूट रुंद आहे. ४५० मिमीची एक फिक्स काच आणि ७०० मिमीचं दार, दोन्हीची उंची २००० मिमी, जाडी १० मिमी. एकूण काच होते सुमारे २५ चौरस फूट.

- काच, पॉलिश आणि भोकं-खाचांसह, २०० रुपये फुटाने: ५,००० रुपये
- बिजागऱ्या, हँडल, क्लॅम्प, वरचा सपोर्ट रॉड, सील: ६,५०० रुपये
- सिलिकॉन, प्लग, ड्रिल बिट: ५०० रुपये
- वाहतूक: ८०० रुपये
- दोन माणसांची मजुरी: १,८०० रुपये
- माप घ्यायला जाण्या-येण्याचा खर्च: ४०० रुपये

बेरीज १५,००० रुपये. तुम्ही २०,००० चं कोटेशन दिलंत तर हातात ५,००० राहतात. छान वाटतं ना?

आता दाराची काच १० मिमीने चुकली. नवी काच १५ फूट, म्हणजे ३,०००. वाहतूक पुन्हा ८००. एका माणसाची पुन्हा मजुरी ९००. झाले ४,७००. तुमच्या हातात उरले ३०० रुपये. एक आठवडा वाया गेला आणि ग्राहक नाराज झाला, त्याचा हिशेब कुठल्याच वहीत लिहिता येत नाही. म्हणून मी सांगतो, माप म्हणजे या धंद्याचं भांडवल आहे.

टफन काच म्हणजे काय, हे ग्राहकाला सांगता आलं पाहिजे

साधी काच आधी मापात कापतात, कडा घासतात, भोकं पाडतात. मग ती भट्टीत ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या जोरदार झोताने एकदम थंड करतात. बाहेरचा थर आधी आवळतो, आतला भाग नंतर आकसतो. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो आणि काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत होते. फुटली तरी तिचे सुऱ्यासारखे लांब तुकडे होत नाहीत, बारीक बोथट खडे होतात. बाथरूममध्ये माणूस उघड्या अंगाने, ओल्या पायाने उभा असतो. म्हणून इथे साधी काच चालत नाही. स्वस्तात मिळते म्हणून कोणी साधी काच लावायला सांगितलं, तर ते काम सोडून द्या.

हाच आतला ताण काच नंतर कापू देत नाही. कापायला गेलात की सगळी काच एकदम खडे होऊन खाली येते.

काच घेताना तीन गोष्टी बघा. एक, कोपऱ्यात न पुसला जाणारा शिक्का हवा. सेफ्टी ग्लाससाठीचं आपलं भारतीय मानक आयएस २५५३ (भाग १) आहे. आयएसआय चिन्ह आणि हा क्रमांक शोधा. दोन, कडेला टवका उडालेला नको. टफन काचेचा सगळ्यात नाजूक भाग तिची कड आणि कोपरा असतो. मधोमध बुक्की मारली तरी न फुटणारी काच कोपरा फरशीवर आपटला तर फुटते. तीन, हीट सोक टेस्ट केलेली काच मिळते का ते विचारा. काच बनताना कधीकधी निकेल सल्फाइडचा अगदी सूक्ष्म कण आत राहतो. तो पुढे हळूहळू फुगतो आणि एक दिवस कोणी हात न लावता काच फुटते. हीट सोकमध्ये काच कारखान्यातच पुन्हा तापवून अशा बऱ्याचशा काचा आधीच फोडून बाजूला काढतात. खर्च थोडा वाढतो. हॉटेलच्या किंवा लहान मुलं असलेल्या घराच्या कामात हा पर्याय ग्राहकासमोर जरूर ठेवा. काचेवर सेफ्टी फिल्म लावून घेतली तर फुटलेले खडे बरेचसे एकमेकांना धरून राहतात, तोही एक उपाय आहे.

दार निवडण्याआधी बाथरूमला चार प्रश्न विचारा

ग्राहक मोबाइलवर फोटो दाखवतो आणि म्हणतो, "अस्संच करून द्या." फोटोतलं बाथरूम आणि समोरचं बाथरूम वेगळं असतं. म्हणून आधी हे बघा.

१. नहाणी ट्रॅप कुठे आहे? आपल्याकडच्या बऱ्याच बाथरूममध्ये पाणी जायला एकच जागा असते, आणि ती नेमकी काचेच्या बाहेर येते. मग आतलं पाणी काचेखालून बाहेर जाणारच, दार कितीही भारी असू दे. ट्रॅप आतल्या बाजूला हवा आणि उतार त्याच्याकडे हवा. फरशीवर एक मग पाणी ओता आणि कुठे जातं ते ग्राहकासमोरच बघा. उतार उलटा असेल तर आधी ग्रॅनाइटची बारीक उंबरापट्टी किंवा फरशीची दुरुस्ती सुचवा. ग्राहक नको म्हणाला तर तसं कोटेशनवर लिहा.

२. गॅस गिझर आत आहे का? हा प्रश्न पैशाचा नाही, जिवाचा आहे. गॅस गिझर बंद जागेत चालला की ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. काचेने जागा आणखी बंदिस्त होते. गॅस गिझर बाथरूममध्ये असेल तर स्पष्ट सांगा, "आधी हा बाहेर मोकळ्या हवेत घ्या, मग मी काच लावतो." एक काम गेलं तरी चालेल. इलेक्ट्रिक गिझर असला तरीही काच छतापर्यंत नेऊ नका. वर जागा मोकळी सोडा, म्हणजे वाफ एक्झॉस्ट फॅनकडे जाईल.

३. दार कुठे उघडेल? कमोड, बेसिन, टॉवेलचा दांडा, बाथरूमचं मुख्य दार यापैकी कशाला आपटेल? खडूने फरशीवर दाराचा फेरा काढून दाखवा. दार बाहेर उघडलं पाहिजे. आत माणूस घसरून पडला तर त्याच्या अंगावर दार ढकलून आत जाता येत नाही. जागाच नसेल तर सरकतं दार घ्या, पण त्याला एकूण रुंदी साधारण ४ फूट तरी लागते, नाहीतर आत जायची वाट अगदी अरुंद राहते. त्याहून कमी जागेत दार नसलेली एकच फिक्स काच लावा. ती स्वस्त पडते, बिजागरीची कटकट नाही आणि पुष्कळ घरांना तेवढी पुरते.

४. घरात कोण कसं आंघोळ करतं? आजी स्टुलावर बसून बादली-मगाने आंघोळ करत असतील तर बादली, स्टूल आणि आधाराला दुसरा माणूस मावला पाहिजे. वाट ६०० मिमीपेक्षा कमी नको. आणि काचेच्या दाराचं हँडल हे धरून उठायला नसतं, हे घरच्यांना सांगा. आधारासाठी भिंतीत वेगळा ग्रॅब बार लावून द्या. तेवढंच आणखी एक काम मिळतं.

जाडी, वजन आणि बिजागरी

बाजारात शॉवरला ८, १० आणि १२ मिमी काच चालते. फक्त जाडी बघू नका, वजन काढा. सूत्र सोपं आहे: रुंदी मीटरमध्ये गुणिले उंची मीटरमध्ये गुणिले जाडी मिमीमध्ये गुणिले २.५. आलेला आकडा किलो. आपलं ७०० बाय २००० चं १० मिमीचं दार ३५ किलो भरतं. तेच ८ मिमीमध्ये २८ किलो.

आता बिजागऱ्यांच्या जोडीला किती वजन आणि किती रुंदी चालते, हे कंपनीच्या तक्त्यात दिलेलं असतं. तो तक्ता बघूनच बिजागरी घ्या. मर्यादेच्या काठावर असाल तर वरचा प्रकार घ्या किंवा तिसरी बिजागरी लावा. दार सहा महिन्यांत खाली बसलं तर ग्राहक काचेच्या कारखान्याला फोन करत नाही, तुम्हाला करतो.

धातूबद्दल एक गैरसमज काढून टाका. "चुंबक चिकटलं नाही म्हणजे स्टील ३०४" असं दुकानात सांगतात. पण स्वस्तातलं २०२ स्टीलही चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही आणि ते बाथरूममध्ये लवकर गंज धरतं. ३०४ ओळखायला थेंब टाकून बघायचं टेस्टिंग लिक्विड मिळतं, ते एक बाटली जवळ ठेवा. बिलावर "एसएस ३०४" लिहून घ्या. अलिबाग, रत्नागिरी, मालवण, गोवा अशा खाऱ्या हवेच्या भागात काम असेल तर ३१६ सुचवा. त्यात मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते मिठाला जास्त टिकतं. चांगली पितळी क्रोम बिजागरीही चालते. झिंकच्या हलक्या बिजागरीचं वरचं चकचकीत पाणी उडालं की आतून फुगायला लागते.

माप घ्यायची पद्धत

टाइल्स लागून, उतार होऊन, उंबरापट्टी बसल्याशिवाय अंतिम माप घ्यायचं नाही. ग्राहक घाई करेल. "अंदाजे घ्या ना" म्हणेल. अंदाजे माप कोटेशनसाठी असतं, ऑर्डरसाठी नसतं.

१. रुंदी तीन ठिकाणी घ्या: खाली, मधे, वर. तिन्ही आकडे लिहा.

२. दोन्ही भिंतींना ओळंबा किंवा लेझर लावा. कोणती भिंत किती आत-बाहेर आहे, ते बाणाने दाखवा.

३. फरशीला पाणसळ लावा. काचेच्या रेषेत या टोकापासून त्या टोकापर्यंत किती उतार आहे ते मोजा.

४. कोपऱ्याला गुण्या लावा. काटकोन नसेल तर तसं लिहा.

५. सगळं मिलिमीटरमध्ये लिहा. साइटवर मिस्त्री सुतात बोलतो, दुकानदार फुटात बोलतो, कारखाना मिमीमध्ये कापतो. एक सूत म्हणजे ३ मिमीपेक्षा थोडं जास्त. तीन भाषांची खिचडी झाली की काच चुकलीच म्हणून समजा.

६. काच लिफ्टमध्ये मावते का आणि जिन्याच्या वळणावर वळते का, हेही मोजून घ्या.

भिंत वाकडी निघाली तर घाबरू नका. थोडा फरक यू चॅनल सामावून घेतो. जास्त असेल तर फिक्स काचेची ती कड तिरकी कापून मागवता येते, कारण कापणं भट्टीत जाण्याआधी होतं. पण त्यासाठी फरक आधी माहीत पाहिजे. आणि जमेल तिथे बिजागरी सरळ भिंतीवर किंवा फिक्स काचेवर घ्या. वाकड्या भिंतीवर टांगलेलं दार आपोआप उघडत किंवा मिटत राहतं.

ऑर्डर आणि पैसे

क्रम लक्षात ठेवा: आधी बिजागरी, मग काच. प्रत्येक कंपनीच्या बिजागरीची खाच वेगळी असते. बिजागरी हातात नसताना खाच सांगितली तर काच एका मापाची आणि बिजागरी दुसऱ्या मापाची येते. दार आणि भिंत, दार आणि फिक्स काच, दार आणि फरशी यांच्यातली फट किती ठेवायची, हेही त्याच बिजागरी-सीलच्या नकाशावरून घ्या.

कारखान्याला तोंडी ऑर्डर नाही. कागदावर आकृती, मिमीमध्ये मापं, खाचांची जागा, कोणत्या बाजूने बघून काढली ती बाजू, कडेचं पॉलिश आणि शिक्का कोणत्या कोपऱ्यात हवा ते लिहा. डावं-उजवं उलटं होणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. "बाथरूमच्या दारात उभं राहून" असं आकृतीवर लिहून टाका. कारखाना बिल करताना माप कसं वर धरतो, तेही आधीच विचारा.

ऑर्डर जाण्याआधी त्याच आकृतीवर ग्राहकाची सही घ्या आणि निदान काच आणि हार्डवेअर यांचे पैसे निघतील एवढा अॅडव्हान्स घ्या. संकोच करू नका. ही काच दुसऱ्या कुणाच्याही बाथरूमला बसणार नाही, ती परत कोणी घेणार नाही. हे कारण नीट सांगितलं की समजूतदार ग्राहक देतो. जो अजिबात देत नाही, तो उरलेले पैसेही वेळेवर देत नाही.

कोटेशनवर चार ओळी हव्यातच: फरशीचा उतार आणि ट्रॅप ग्राहकाची जबाबदारी, भिंतीतल्या पाइपची माहिती ग्राहकाने द्यायची, हार्डवेअरची वॉरंटी किती आणि कशावर, आणि फिटिंगनंतर काच फुटल्यास काय. वाद झाला की याच ओळी तुम्हाला वाचवतात.

फिटिंगच्या दिवशी

काच आली की आधी मापा, कडा बघा, मगच टेम्पोवाल्याच्या कागदावर सही करा. काच कधीही थेट टाइल्सवर उभी करू नका. खाली लाकडी पट्टी किंवा रबर ठेवा. दोन माणसं, हातमोजे, बूट, गॉगल आणि व्हॅक्यूम कप हवेतच. ३५ किलोची ओली काच एकट्याने धरायची नसते.

भोक पाडण्याआधी दोन तपासण्या करा. नाण्याने टाइल वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर तिथे मसाला नाही, टाइल फुटेल. मग मिक्सर आणि शॉवरच्या रेषेत भिंतीतला पाइप कुठून गेलाय ते बघा. टाइल्स लावण्याआधी काढलेले फोटो ग्राहकाकडे असतील तर सोन्याहून पिवळं. पाइपला भोक पडलं तर टाइल फोडावी लागते, आणि तशी टाइल बाजारात मिळत नाही.

टाइलमध्ये भोक पाडताना हॅमर बंद ठेवा, डायमंड किंवा टाइल बिट वापरा, थोडं पाणी मारा. टाइल पार झाली की पुढे भिंत बघून ठरवा. विटेची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर चांगला नायलॉन प्लग पुरतो. सिपोरेक्स ब्लॉकची भिंत असेल तर साधा प्लग काही दिवसांत सैल होतो. त्यासाठी वेगळा प्लग किंवा केमिकल अँकर घ्या.

फरशीला भोक शक्यतो पाडूच नका. टाइलखाली वॉटरप्रूफिंगचा थर असतो. तुमचा एक स्क्रू तो फोडतो आणि काही महिन्यांनी खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते. मग सोसायटीची मिटिंग, भांडण, आणि सगळ्यांची बोटं तुमच्याकडे. खाली यू चॅनल सिलिकॉनने चिकटवा, वर सपोर्ट रॉडने काच भिंतीला बांधा.

आधी फिक्स काच, मग सपोर्ट रॉड, मग दार. काच आणि धातू कुठेही थेट टेकता कामा नयेत, मधे गॅस्केट हवंच. स्क्रू एकदम आवळू नका, सगळे थोडे थोडे आवळत जा. शेवटी सील आणि सिलिकॉन. संगमरवर किंवा नैसर्गिक दगड असेल तर न्यूट्रल सिलिकॉन घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन दगडावर डाग पाडतं. बाथरूमसाठी बुरशीरोधक सिलिकॉनच घ्या. त्यानंतर २४ तास शॉवर बंद. हे घरातल्या प्रत्येकाला सांगा, नाहीतर संध्याकाळी ऑफिसातून आलेला मुलगा सरळ आंघोळीला जातो.

खरा धंदा पुढे आहे: देखभाल

काच लावून पैसे घेतले की बहुतेक जण विसरून जातात. इथेच तुम्ही वेगळे दिसू शकता. जाण्याआधी घरच्यांना पाच मिनिटं देऊन एवढं सांगा:

- आंघोळ झाली की रबरी वायपर एकदा फिरवा. बोअरच्या जड पाण्यातला क्षार काचेवर वाळला की पांढरे डाग पडतात. फार दिवस राहिले तर काच कायमची धुरकट होते.
- डाग पडलेच तर व्हिनेगर पाण्यात मिसळून मऊ कापडाने पुसा आणि लगेच धुवा. संगमरवराला ते लागू देऊ नका.
- टॉयलेट क्लीनर किंवा अॅसिड काचेजवळ नको. क्रोम उडतं, स्टीललाही खड्डे पडतात. तारेची घासणी तर नकोच.
- दार आपटू नका. कडेला टवका दिसला तर दार वापरणं थांबवा आणि फोन करा. तशी काच दुरुस्त होत नाही, बदलावी लागते.
- दार घासायला लागलं, खाली बसलं किंवा सैल वाटलं तर वाट बघू नका.

आता तुमच्यासाठी. सहा महिन्यांनी स्वतः फोन करा: "काकू, दार कसं चाललंय?" स्क्रू आवळून द्या, सील बघा. सील पिवळं पडतं, कडक होतं, पाणी बाहेर यायला लागतं. ते बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्याचे रास्त पैसे मिळतात. वर्षातून दोन भेटींचं सर्व्हिसचं छोटं पॅकेज ठेवा. पन्नास घरं जमली की काम नसलेल्या महिन्यातही फोन वाजत राहतो. आणि शेजारच्यांनी "कोणाकडून लावलं?" विचारलं की तुमचंच नाव निघतं.

सुरुवात कशी कराल?

पहिल्याच दिवशी हॉटेलच्या वीस बाथरूमचं काम घेऊ नका. आधी एखाद्या अनुभवी फिटरबरोबर चार-पाच कामांवर हाताखाली जा. जवळचा टफनिंगचा कारखाना बघून या, त्यांचा ऑर्डर फॉर्म घ्या. हार्डवेअरच्या दोन-तीन दुकानांचे भाव एका कागदावर लिहा. मग स्वतःच्या घरी किंवा ओळखीच्या ठिकाणी एक साधी फिक्स काच लावा. ती जमली की दाराच्या कामाला हात घाला.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, त्यासाठी कुणा एजंटला पैसे देऊ नका. जीएसटीची मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख आणि सेवा देणाऱ्याला २० लाख उलाढालीची आहे. फिटिंगसह दिलेलं काम यात कुठे बसतं, ते सीएला विचारून घ्या. मोठे कंत्राटदार आणि इंटिरियरवाले बहुधा जीएसटीचं बिल मागतातच.

आणि आजच एक गृहपाठ. तुमच्या घरच्या बाथरूममध्ये जा. टेप, ओळंबा आणि एक मग पाणी घ्या. जिथे काच येऊ शकते तिथे खाली, मधे, वर अशी तीन मापं घ्या. तिन्ही आकडे सारखे आले का? पाणी कुठे गेलं? वहीत आकृती काढून सगळं मिमीमध्ये लिहा. पहिल्यांदा अर्धा तास लागेल. तिन्ही आकडे वेगळे आले, तर मला नाशिकला पडलेला भुर्दंड तुम्हाला फुकटात समजला असं समजा.

कामाला लागा. शुभेच्छा!